सशाचे पुढचे दात वाढलेत की दाढा?

ससा पाला तोंडात धरतो आणि टाकून देतो. घरात लगेच निदान होतं, ‘दात वाढलेत, कापून आणा.’ पण कुठले?

सशाला एकूण २८ दात. पटाशीचे ६, त्यातले दोन बारीक खुंटासारखे, वरच्या दातांमागे लपलेले. उरलेल्या २२ दाढा. सगळे जन्मभर वाढतात. पटाशीचे तर आठवड्याला साधारण २-३ मिलिमीटर. झीज थांबली की दुखणं सुरू.

पटाशीचे वाढले तर ओठ वर करून बघितलं तरी कळतं. ते वाकडे होतात, बाहेर येतात नाहीतर टाळूकडे वळतात. अशा सशाला गाजर कुरतडता येत नाही, पण तेच बारीक चिरून दिलं की तो बहुधा नीट चावून खातो. दाढांचं उलट. घास उचलतो, चावायला लागतो आणि मध्येच टाकतो. गवत सोडतो, केळं मात्र चाटूनपुसून खातो, म्हणून घरच्यांना वाटतं लाडावलाय! हनुवटी लाळेनं ओली राहते, लेंड्या बारीक होतात. खालच्या दाढांचे काटे जिभेला आणि वरच्यांचे गालाला टोचतात. डोळ्यातून पाणी मात्र दोन्हीत येऊ शकतं, कारण वाढलेली मुळं अश्रूंच्या नळीवर दाबतात.

खरी गफलत पुढे आहे. आखूड तोंडाच्या लहान जातींत पटाशीचे दात जन्मजात जबड्यामुळेच जुळत नाहीत, आणि ते कोवळ्या वयात दिसतं. मोठ्या सशाचे ते अचानक वाढले तर आधी दाढांवर संशय घ्यावा. दाढा उंच झाल्या की तोंड पूर्ण मिटत नाही, पुढचे दात एकमेकांना घासत नाहीत आणि वाढत सुटतात. मग पुढचे कापत बसायचं, मागचं दुखणं तसंच.

लाकडाचा तुकडा दिला की काम झालं, हीही अर्धीच गोष्ट. त्यानं पटाशीचे थोडे झिजतील. दाढा झिजतात त्या जबडा आडवा फिरवत तासन्‌तास गवत चघळल्यानं. आपल्याकडे खानापूर भागात भाताचं पिंजर हाताशी असतं, पण त्यात पोषण फार कमी. खाली अंथरायला ठीक. खायला वाळलेलं गवत, हरळी. पावसाळ्यात बुरशी धरलेली पेंढी नको.

पुढचे दात नखं कापायच्या कटरनं कधीच तोडू नयेत. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि पू होतो. डॉक्टर मशीननं घासून देतात, ते काही आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं. फारच छळ झाला तर पटाशीचे काढूनही टाकतात. ससा चिरलेल्या पाल्यावर मजेत जगतो. दाढांसाठी मात्र भूल हवी आणि मुळं बघायला एक्स-रे. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असं सांगितलं तर पुन्हा विचारा. तो नियम कुत्र्यांचा. सशाला उलटी होतच नाही आणि रिकामं पोट त्याला घातक. घरातली अमॉक्सिसिलीनची गोळी तर चुकूनही देऊ नका, त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरून ससा दगावू शकतो.

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडचे बरेच डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्र्यांत गुंतलेले. आधी फोन करून ‘सशाला भूल देता का, दाढा बघता का’ असं थेट विचारावं. नाही म्हणाले तर कोल्हापूर किंवा हुबळीला चौकशी करावी. वाटेत टोपलीत गवत असू द्या. पण बारा तास खाणं नाही आणि लेंडीही नाही, तर लांबचा शोध सोडून जवळचा दवाखाना त्याच दिवशी गाठा. तोवर कोमट पाण्यात भिजवलेल्या पेलेटची (सशाच्या तयार दाणेदार खाद्याची) पातळ पेज सुई काढलेल्या सिरिंजनं, गालाच्या कडेनं, थोडी थोडी द्यावी. पोट टम्म फुगलं असेल तर तेही नको.

एकदा दाढा घासल्या की आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत मांडावं. ससा आजार लपवतो. वजनाचा आकडा लाळेच्या आधी बोलतो.