खुलासा: ‘आपल्या लोकांना दंडाशिवाय कळत नाही’, हे खरं नाही

जळगाव–भुसावळ रस्त्यावरच्या टपरीवर कचऱ्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ऐकून वाईट वाटतं, कारण ते चूक आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्दिनी आणि सहकाऱ्यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाड्यांच्या काचेवर पत्रकं अडकवली. वाहनतळ स्वच्छ होता तेव्हा १४ टक्के लोकांनी पत्रक खाली टाकलं, घाण होता तेव्हा ३२ टक्के. दंडाची भीती दोन्ही वेळा नव्हतीच.

म्हणून ‘इथे सगळेच कचरा टाकतात’ हा फलक उलटा पडतो. वाचणाऱ्याला वाटतं, इथली रीतच ही! त्यापेक्षा केळीच्या सालींचा ढीग भल्या पहाटे उचला, कचरापेटी गिऱ्हाइकाच्या हाताशी ठेवा, तिच्याकडे नेणारी हिरवी पावलं रंगवा. आणि पेटी रोज रिकामी करा, ओसंडणारी पेटी म्हणजे पुन्हा ढीगच.