बदाम परदेशातून मागवताय? न्हावाशेव्याच्या ‘सिंगल विंडो’साठी काय तयारी लागते

वाशी मार्केटमधले सुकामेव्याचे छोटे व्यापारी पहिल्यांदा स्वतः माल मागवायला निघतात, तेव्हा हमखास विचारतात, “आता सगळं एका खिडकीवर आलंय, मग वेगळे परवाने कशाला?” परवाने पूर्वीइतकेच लागतात, कमी झाल्या त्या फेऱ्या. हा फरक आधीच समजून घ्या, कारण न कळल्याची किंमत कंटेनर बंदरात अडकल्यावर मोजावी लागते.

कस्टम्सची ‘स्विफ्ट’ ही सिंगल विंडो १ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. पूर्वी बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे घोषणापत्र) कस्टम्सकडे भरून पुन्हा अन्न सुरक्षा, प्लांट क्वारंटाइन (वनस्पतिजन्य मालाबरोबर कीड-रोग येऊ नयेत हे पाहणारे खाते), औषध नियंत्रक अशा खात्यांकडे वेगळे अर्ज करावे लागत. आता कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर एकच एकत्रित घोषणापत्र भरायचे. माल कुठल्या खात्याच्या अखत्यारीत येतो ते पाहून प्रणाली ते त्या खात्याकडे पाठवते. प्रत्येक खेपेचा नमुना घेतला जात नाही, जोखीम पाहून ते ठरते.

अर्ज कोण करू शकतो? ज्याच्याकडे आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा कोड, आहे तो. हा कोड पॅनवर आधारलेला असतो आणि डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क भरून मिळतो. पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक किंवा बँकेचे प्रमाणपत्र जवळ ठेवा. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो. माहितीत काहीच बदल नसला तरी तसे नोंदवायचे, नाहीतर कोड निष्क्रिय होतो. दुसरी गरज डिजिटल स्वाक्षरीची. बहुतेक जण हे काम सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सची कामे करणाऱ्या परवानाधारक एजंटाकडे, सोपवतात आणि नवख्याने तेच करावे. मात्र चुकीची माहिती गेली तर जबाबदारी आयातदार म्हणून तुमच्यावरही येते, तेव्हा भरलेली बिल ऑफ एंट्री स्वतः वाचा.

आता बदामांचे. ते खाद्यपदार्थही आहेत आणि वनस्पतिजन्य मालही, म्हणून दोन खाती आली. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) आयातदाराचा केंद्रीय परवाना आधीच हातात हवा. प्लांट क्वारंटाइनसाठी निर्यातदार देशाचे फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र लागते, आणि ते माल जहाजावर चढण्याआधीच तिथल्या सरकारी खात्याकडून घ्यायचे असते. प्लांट क्वारंटाइनचे इम्पोर्ट परमिट (आयातीची आगाऊ परवानगी) लागत असेल तर तेही माल निघण्यापूर्वी काढा. नवे आयातदार सर्वाधिक चुकतात ते इथेच: ऑर्डर आधी देतात, कागदांची चौकशी मागाहून करतात.

पाकीटबंद माल असेल तर लेबल पुरवठादाराकडून आधी मागवून नीट तपासा. आयातदाराचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, शाकाहारी चिन्ह राहिले असेल, तर कस्टम्सच्या गोदामात स्टिकर लावून सुधारता येते. उत्पादनाची तारीख किंवा घटकांची यादी मात्र इथे चिकटवता येत नाही.

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती), मूळ देशाचे प्रमाणपत्र आणि वरचे परवाने ‘ई-संचित’ या कस्टम्सच्या कागदपत्रे चढवण्याच्या ऑनलाइन सोयीवर डिजिटल स्वाक्षरीसह पीडीएफ स्वरूपात चढवायचे. प्रत्येक कागदाला एक आयआरएन (नोंदणी) क्रमांक मिळतो, तो बिल ऑफ एंट्रीत लिहायचा. मूळ प्रती जपून ठेवा, अधिकारी मागू शकतात.

बिल ऑफ एंट्री माल पोचण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत दाखल व्हायला हवी. अपेक्षित आगमनाच्या ३० दिवस आधीपासून भरता येते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार लागतो. बंदराचे आणि शिपिंग लाइनचे भाडे त्याशिवाय. म्हणून जहाज सुटल्याचा निरोप आला, की त्याच दिवशी सगळे कागद सीएचएकडे पाठवा.

घोषणापत्र गेल्यावर आइसगेटवर बिल ऑफ एंट्रीची स्थिती रोज पाहा. एखाद्या खात्याने शंका काढली तर ती तिथेच दिसते आणि उत्तरही ऑनलाइनच द्यायचे असते. नमुना तपासणीचे शुल्क भरण्यासाठी मात्र एफएसएसएआयच्या स्वतःच्या प्रणालीत लॉगिन लागते. सगळ्या खात्यांची ना-हरकत आली, सीमाशुल्क भरले, की कस्टम्सचे ‘आउट ऑफ चार्ज’ (माल सोडण्याची परवानगी) मिळते आणि माल उचलता येतो.