पार्श्वभूमी : रशियात नाताळचं झाड नववर्षाचं कसं झालं

सजवलेल्या झाडाचं मूळ ऱ्हाईनकाठच्या जर्मन भाषिक गावांत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. रशियात ते उशिरा पोचलं. डिसेंबर १६९९ मध्ये झार पीटर द ग्रेटने १ जानेवारीला वर्ष सुरू करण्याचा हुकूम काढला. दारांवर देवदार-पाइनच्या फांद्या लावायलाही सांगितलं. पण पुढे या फांद्या उरल्या त्या मुख्यतः दारूच्या गुत्त्यांवर. घरातलं झाड आणलं ते पीटर्सबर्गमधल्या जर्मन कुटुंबांनी, आणि १८४० च्या दशकात मिठाईवाले ते सजवून विकू लागले. पहिल्या महायुद्धात मात्र हेच झाड 'शत्रूची चाल' म्हणून हिणवलं गेलं.

१९१७ च्या कम्युनिस्ट क्रांतीनंतर लगेच काही बिघडलं नाही. कोंडी झाली ती १९२० च्या दशकाच्या अखेरीस, धर्मविरोधी मोहिमेत. १९२९ मध्ये नाताळची सुट्टीही गेली. शाळेत मुलांना झाडाविरुद्ध शिकवलं जाई, आणि काही घरांत पडदे ओढून, आवाज न करता झाड उभं केलं जाई.

मग आला २८ डिसेंबर १९३५. कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रवदा' या मुखपत्रात पावेल पोस्तिशेव या बड्या नेत्याचं छोटंसं पत्र छापून आलं. पूर्वी श्रीमंतांच्या घरचं झाड कामगारांची पोरं खिडकीतून हेव्याने बघायची, मग आता आपल्या मुलांना हा आनंद का नको, असा त्याचा सूर. झाडाला बदनाम केलं ते 'डाव्या' अतिरेक्यांनी, असा ठपकाही त्यात होता. हे पत्र म्हणजे लोकांना त्यांचा सण परत मिळाला असं काही जण मानतात; सण हिसकावून सरकारी केला, असं इतरांचं म्हणणं. मला दुसरं मत जास्त पटतं. मोहीम पक्षाचीच होती, त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. शिवाय पत्र लिहिणारा हाच माणूस १९३३ च्या भीषण दुष्काळात युक्रेनमध्ये धान्यवसुली राबवायला पाठवला गेला होता. त्या वर्षी तिथे उपासमारीने मेलेल्यांत असंख्य मुलं होती. मुलांच्या आनंदावरचं त्याचं पत्र वाचताना हे विसरता येत नाही. १९३९ मध्ये त्यालाही गोळी घालण्यात आली. झाड मात्र टिकलं.

अट एकच होती, नाताळचा उल्लेख नको. शेंड्यावरचा बेथलेहेमचा तारा लाल झाला. फांद्यांवर कागदाच्या लगद्याचे, कापसाचे आणि काचेचे पॅराशूटवाले, पुढे मक्याची कणसं, मग अंतराळवीर लटकू लागले. १९४७ च्या अखेरीस ९ मेच्या विजयदिनाची सुट्टी काढून घेतली आणि १ जानेवारीला दिली. १९५४ पासून क्रेमलिनमध्ये मुलांसाठी झाडाचा सोहळा होऊ लागला.

नाताळची सुट्टी परत आली ती १९९१ मध्ये, ७ जानेवारीला, कारण रशियन ऑर्थोडॉक्स चर्च जुनंच (ज्युलियन) कॅलेंडर पाळतं. त्यामुळे श्रद्धाळू घरांत आजही झाड सजतं, ३१ डिसेंबरचं जेवण होतं, आणि नाताळपूर्वीचा उपवास अजून चालूच असतो.