पळवून नेलेलं मूल आणि आपणहून गेलेलं मूल

बालसैनिकांच्या बातम्यांत दोन वेगळी मुलं एकाच माळेत ओवली जातात: पळवून नेलेलं आणि आपणहून गेलेलं. कायद्याच्या दृष्टीनं त्यात काही चूक नाही. पण यादवी युद्ध इतकं का चिघळतं आणि कशानं थांबतं हे समजून घ्यायचं, तर ही दोन मुलं वेगळी पाहावी लागतात.

ऑक्टोबर १९९६. उत्तर युगांडातल्या आबोके गावच्या शाळेतून जोसेफ कोनीच्या 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' या बंडखोर फौजेनं एका रात्रीत १३९ मुली उचलून नेल्या. शाळेतल्या सिस्टर राकेले माग काढत रानात शिरल्या आणि बंडखोरांशी बोलून १०९ जणींना परत घेऊन आल्या. तीस मुली मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. उत्तर युगांडातल्या ज्या आचोली जमातीच्या लोकांच्या नावानं कोनी लढत होता, त्यांचा त्याला फारसा पाठिंबा नव्हता. पण पोरं पळवून फौज उभी करता येते म्हटल्यावर पाठिंबा हवा कुणाला? त्यामुळेच लोक विटले तरी युद्ध वीसेक वर्षं रेटता आलं. मुलांना परतीची वाट उरू नये म्हणून त्यांच्याच हातून माणसं मारवली जात. तरीही संधी मिळताच पोरं पळायची, मग नव्या धाडी. संध्याकाळ झाली की खेड्यातली मुलं झोपायला गुलू शहराकडे चालत निघत, ती या धाडींच्या भीतीनं. अशा फौजेला आतून पोखरायला माफी उपयोगी पडते. युगांडानं २००० साली माफीचा कायदा केला आणि हजारो जण बाहेर पडले.

आपणहून गेलेल्याचं गणित निराळं. काँगोच्या इटुरीत जमातींच्या टोळ्या एकमेकांच्या गावांवर तुटून पडल्या, तेव्हा काही आईबापांनीच पोरं टोळीत धाडली. अशा मुलाला नुसती माफी देऊन काय होणार? घरच टोळीच्या पाठीशी असतं. गावाला सुरक्षितता मिळेपर्यंत ते परतत नाही, आणि परतलं तरी पुन्हा जातं. याला 'स्वेच्छा' म्हणणं मला जड जातं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयालाही ती सबब चालत नाही: पंधरा वर्षांखालच्या मुलाची संमती बचाव ठरत नाही. इटुरीतला टोळीप्रमुख थॉमस लुबांगा याला २०१२ मध्ये अशी मुलं लढाईला जुंपण्याच्या गुन्ह्यासाठी १४ वर्षांची शिक्षा झाली.

सीमारेषा पुसटही होते. डॉमिनिक ओंगवेनला कोनीच्या माणसांनी लहानपणी शाळेच्या वाटेवरून पळवलं. पुढे तो त्याच फौजेत सेनानी झाला आणि २०२१ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

नेपाळात युद्ध संपल्यावर माओवाद्यांच्या छावण्यांतून २०१० मध्ये २,९७३ अल्पवयीन ठरलेल्यांना बाहेर काढलं. तोवर त्यातले बरेच अठरा ओलांडून गेले होते. कुणी दबावानं आलेले, कुणी मनापासून. मनापासून आलेल्यांना ही सुटका कसली, हकालपट्टीच वाटली, आणि पुढे काही जण भरपाई मागत आपल्याच जुन्या नेत्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले.