कातीला विचारलेले प्रश्न

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर गावच्या घरी माळा साफ करताना जुन्या ट्रंकेमागे सापाची कात सापडली. दीडेक हात लांब, एका कडेला थोडी फाटलेली, पण डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ अख्खी. काकू जिन्याखालूनच विचारत होती, "मण्यारीची नाही ना रे?" तिची भीती रास्त होती. मण्यार रात्री हिंडते, तिचा दंश बऱ्याचदा झोपेत जाणवतही नाही, आणि उन्हाळ्यात आमचं निम्मं घर जमिनीवर अंथरूण टाकून झोपतं.

साप कात टाकतो तेव्हा मोजा उलटा काढावा तशी ती ओठांपासून सोलत निघते. त्यात ती ताणली जाते, म्हणून कातीच्या लांबीवरून सापाची लांबी सांगू नये. रंगही बहुतेक सगळा मागे सापाच्याच अंगावर राहतो. पण एक गोष्ट कातीत जशीच्या तशी उतरते, ती म्हणजे खवल्यांची मांडणी. एकेक खवला, त्याचा आकार, त्याचा शेजारी, सगळं. मी पाण्याचा हात लावून कात मऊ केली, वर्तमानपत्रावर पसरली आणि भिंग घेऊन बसलो. आता हवी होती किल्ली.

जीवशास्त्रात किल्ली म्हणजे क्रमाने विचारलेले प्रश्न. प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय असतात आणि समोरच्या नमुन्याला त्यांतला एकच लागू पडतो. तो धरून पुढच्या पायरीवर जायचं, असं करत नावापर्यंत पोचायचं. दर वेळी वाट दोन फाट्यांत फुटते म्हणून तिला द्विभाजी किल्ली म्हणतात. वड, पिंपळ आणि उंबर एवढीच झाडं ओळखायची असतील तर दोन प्रश्न पुरतात. पानाचं टोक लांब शेपटीसारखं आहे? असेल तर पिंपळ. नसेल तर फळं खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाने लागतात का? लागत असतील तर उंबर, नाहीतर वड. दर प्रश्नाला उरलेल्यांतले निम्मे गळत गेले तर पाच प्रश्नांत ३२ जाती वेगळ्या करता येतात, दहा प्रश्नांत १०२४. भारतात सापांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत, म्हणजे हिशेबाने नऊ प्रश्न पुरेत. प्रत्यक्षात फाटे इतके समसमान पडत नाहीत, पण या पद्धतीची ताकद त्यावरून कळते.

ही रीत रुळवली ती फ्रान्सच्या लामार्कने, शाळेत जिराफाच्या मानेच्या धड्यात भेटतो त्याच लामार्कने. फ्रान्समधल्या वनस्पतींवरच्या आपल्या १७७८ सालच्या ग्रंथात त्याने दोन-दोन पर्यायांची अशी साखळी मांडली. वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या माणसालाही हातातल्या फुलाचं नाव शोधता यावं, हा त्याचा हेतू होता. मला हा हेतू फार मोलाचा वाटतो. नाव सांगायला दर वेळी जाणकार शेजारी असेलच असं नाही.

आपल्याकडच्या विषारी सापांसाठी अशी किल्ली फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ती छापली. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत आजही तिचंच रूप शिकवतात. तीच मी कातीला लावली.

पहिला प्रश्न: शेपटी वल्ह्यासारखी चपटी आहे की गोल? चपटी असेल तर तो समुद्रसाप, आणि विषारी. माझ्या कातीची शेपटी गोल, निमुळती होत गेलेली. दुसरा प्रश्न: पोटावरचे खवले पोटाची अख्खी रुंदी व्यापतात का? अजगर, मांडूळ, वाळा यांच्यात ते तेवढे रुंद नसतात, आणि हे सगळे बिनविषारी. कातीवर मात्र रुंद पट्ट्या होत्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या.

इथे जरा थांबतो, कारण या दोन प्रश्नांच्या क्रमातच किल्ली रचणाऱ्याचं कसब आहे. बहुतेक समुद्रसापांच्या पोटाचे खवलेही बारीकच असतात. पोटाचा प्रश्न आधी विचारला असता तर हे जहाल साप अजगर-मांडुळाच्या रांगेत, बिनविषारी म्हणून जाऊन बसले असते. म्हणून शेपटी आधी.

तिसरा प्रश्न डोक्याचा. डोक्यावर पाठीसारखेच बारीक खवले असले तर घोणस किंवा फुरसं. या दोघांत फरक करायचा तर शेपटीखाली बघायचं, घोणशीला तिथे खवल्यांच्या दोन ओळी असतात, फुरशाला एकच. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगा असला तर तो चापडा किंवा त्याचा भाऊबंद. माझ्या कातीच्या डोक्यावर मोठ्या, जोडीजोडीने बसवलेल्या ढाली होत्या आणि खळगा कुठेच नव्हता. डोळ्याच्या जागी भिंगासारखं गोल, पारदर्शक झाकण तेवढं होतं. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावरचं हे आवरणही कातीबरोबर निघून येतं.

चौथा प्रश्न ज्याच्यासाठी काकू जिन्याखाली उभी होती तो. पाठीच्या कण्यावरची खवल्यांची ओळ बाजूच्या ओळींपेक्षा मोठी आणि षट्कोनी आहे का? मण्यारीत ती तशी असते. पण एवढ्यावर थांबून चालत नाही. रूका आणि मांजऱ्या यांच्यातही कण्यावरचे खवले मोठे असतात. म्हणून चांगली किल्ली इथे जोडीला आणखी एक खूण मागते: मण्यारीच्या शेपटीखालचे खवले अखंड, एकाच ओळीत असतात. मी भिंग फिरवलं. कण्यावरचे खवले शेजाऱ्यांएवढेच होते, आणि शेपटीखाली खवल्यांच्या दोन ओळी होत्या, मधून वेणीसारखी नागमोडी शिवण गेलेली. दोन्ही खुणांनी एकच उत्तर दिलं.

पाचवा प्रश्न नागाचा: वरच्या ओठावरचा तिसरा खवला एकीकडे डोळ्याला आणि दुसरीकडे नाकपुडीच्या खवल्याला भिडतो का? भिडत नव्हता. उलट दोघांच्या मध्ये एक छोटा खवला स्पष्ट दिसत होता. नाग आणि मण्यार ज्या कुळातले, त्या कुळात हा खवला नसतोच. मी वरूनच ओरडून सांगितलं, "काकू, मण्यार नाही. नागही नाही."

या सगळ्यात रंगाचा प्रश्न एकदाही आला नाही, हे लक्षात घ्या. मण्यारीचे पांढरे पट्टे कधी पुसट असतात, कधी नसतातच. नागाच्या फण्यावर दहाचा आकडा असेलच असंही नाही. "त्रिकोणी डोक्याचा साप विषारी" हे तर गावोगाव ऐकू येतं, आणि त्या हिशेबाने नाग आणि मण्यार दोघेही निरुपद्रवी ठरतील. "लांब की आखूड" हाही वाईट प्रश्न, कारण पिल्लू आणि मोठा साप त्याला वेगवेगळं उत्तर देतात.

अनेकांना किल्ली म्हणजेच वर्गीकरण वाटतं. तसं नाही. समुद्रसाप आणि नाग एकाच कुळातले, जवळचे नातेवाईक, पण किल्लीत त्यांची पहिल्याच प्रश्नाला ताटातूट होते. अजगर आणि वाळा यांचं नातं फार दूरचं, तरी ते एका फाट्यावर येतात. नाती ठरवायला शरीररचना, जीवाश्म, डीएनए असं बरंच काही तपासावं लागतं. किल्ली ते करत नाही. ती फक्त आधीच ठरलेल्या नावापर्यंत नेऊन सोडते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. ही किल्ली कातीसाठी, मेलेल्या सापासाठी, प्रयोगशाळेतल्या बरणीतल्या नमुन्यासाठी आहे. जिवंत सापाचे खवले मोजायला कोणी जवळ जाऊ नये. कोणाला दंश झाला तर सापाच्या मागे न लागता थेट रुग्णालय गाठावं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष दिलं जातं. त्यासाठी साप मारून सोबत न्यावा लागत नाही.

माझं काम अजून संपलं नव्हतं. विषारी नाही एवढंच कळलं होतं, नाव नव्हतं. शरीराच्या मध्यावर, पोटाच्या पट्टीच्या एका कडेपासून पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत तिरक्या रेषेत खवल्यांच्या ओळी मोजल्या. तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा १७. मण्यारीला सहसा १५ असतात. खवले गुळगुळीत होते, मधली उभी धार कुठेच नव्हती. आणि मानेकडच्या भागात, कात उजेडाला धरली की आडव्या पट्ट्यांची पुसट छाया दिसत होती, शेपटीकडे ती विरत गेलेली. कवड्याचे पट्टे असेच मानेकडे ठळक असतात. मण्यारीचे उलटे, मानेकडे नाहीसे आणि शेपटीकडे ठळक.

कवड्या, म्हणजे भिंतीवर चढून पाली खाणारा साप. माळ्यावर पालींना तोटा नव्हता. आता साधा कवड्या की पट्टेरी कवड्या, हे ठरवायला मला पट्ट्यांचा रंग आणि आकार नीट दिसायला हवा होता, आणि कातीत तो नव्हता. म्हणून त्या पायरीवर थांबलो. कात वहीच्या पानांत ठेवली, खाली तारीख, जागा आणि "कवड्या, जाती अनिश्चित" असं लिहिलं. काकूने वही हातात घेऊन शेपटीखालची ती वेणी भिंगातून बराच वेळ पाहिली, मग ट्रंक पुन्हा होती तिथेच सरकवायला सांगितली.