पळसगावच्या नाईकाचा व्हिक्टोरिया क्रॉस: आधीचे दोन निर्णय

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला तो मरणोत्तर. माणगावकरांना ती लढाई वेगळी सांगायला नको, म्हणून थोडक्यात. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांचं सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडलं. बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले, हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, दुसऱ्याला टॉमी गनने टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठार केलं. मग शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना गाठलं. वय बावीस.

कोकणी माणूस पलटणीत जाणं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. मुंबई लष्कराची भरती रत्नागिरी जिल्ह्यातून जोरात होई. दापोलीला अजूनही 'कॅम्प दापोली' म्हणतात ते उगाच नाही. १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबवली गेली आणि कोकणातल्या कितीतरी घरांची पिढीजात चाकरी तुटली. मराठा पलटणींत मात्र कोकणी आणि देशावरचे मराठे येत राहिले. घाडगे यांची बटालियन इटलीआधी १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत लढली होती.

पदकाबद्दल बोलताना बहुतेक जण १९११ च्या दिल्ली दरबाराकडे बोट दाखवतात. त्या वर्षी भारतीय शिपाई व्हिक्टोरिया क्रॉसला पात्र ठरला, हे खरं. तोवर त्याच्यासाठी १८३७ पासूनचं वेगळं पदक होतं, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट. त्याबरोबर पगारवाढ मिळे, म्हणून शिपायाच्या घरी त्याची किंमत कमी नव्हती.

पण घाडगे यांच्या बाबतीत दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. व्हिक्टोरिया क्रॉसच्या १८५६ च्या मूळ सनदेत मेलेल्या माणसाला पदक देण्याची तरतूदच नव्हती. 'जगला असता तर शिफारस केली असती' एवढंच राजपत्रात छापून विषय संपे. बोअर युद्धानंतर, १९०२ मध्ये, हा पायंडा मोडला. मग जुन्यांचं काय, अशी ओरड झाली आणि १९०७ मध्ये पूर्वीच्या सहा मृतांच्या घरी पदकं गेली. त्यातले दोघे १८५७-५८ मध्ये इथेच, उत्तर हिंदुस्थानात, पडलेले. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी मेलेला इंग्रज पात्र ठरला तेव्हा जिवंत भारतीय शिपाई अपात्रच होता! मरणोत्तर सन्मान नियमात स्पष्टपणे आला तो १९२० मध्ये.

तरीही गुंता राहिलाच. मिलिटरी क्रॉस, मिलिटरी मेडल यांसारखी ब्रिटिश पदकं १९७९ पर्यंत मृताला देता येत नसत. त्या पदकांपुरतं बोलायचं तर मेलेल्याला एक तर व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर सेनापतीच्या खलित्यात, म्हणजे अहवालात, नुसता नामोल्लेख. मधलं काही नाही. इटलीतल्या मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा भारतीयांना. या सहांच्या थोडं खाली ज्यांचं शौर्य मोजलं गेलं आणि जे परत आले नाहीत, त्यांच्या नावावर ही मधली ब्रिटिश पदकं लागली नाहीत. पदकांच्या यादीवरून गावांची शूरता ठरवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

घाडगे यांचा पुतळा माणगावात तहसील कार्यालयासमोर आहे. इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभं राहिलं ते मात्र २०२३ मध्ये, जवळपास ऐंशी वर्षांनी.

स्वतंत्र भारताने २६ जानेवारी १९५० ला परमवीर चक्र सुरू केलं तेव्हा मृतांचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात काढला. १९४७-४८ च्या युद्धातल्या पाच मानकऱ्यांपैकी तिघे मरणोत्तर. उरलेल्या दोघांतला एक याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाचा, कारवारजवळच्या चेंडियाचा. नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणारा हा अधिकारी, रामा राघोबा राणे, जिवंतपणी ते पदक मिळवणाऱ्या पहिल्या दोघांतला.