शरीरक्रियाशास्त्राचे शिक्षण आणि त्यापुढील वाटा : विद्यार्थी व पालकांसाठी माहितीपत्रक

बारावीचा निकाल लागला की आमच्या मार्गदर्शन केंद्रात येणारे बरेच पालक 'फिजिओलॉजी'ची चौकशी करतात आणि त्यांच्या मनात मात्र फिजिओथेरपी असते. चूक त्यांचीच आहे असे नाही. आमच्याच एका जुन्या पत्रकात दोन्ही विषय 'फिजिओ' या एका शब्दाखाली छापले गेले होते. फिजिओथेरपी ही उपचारपद्धती असून तिची पदवी स्वतंत्र आहे, तर फिजिओलॉजी म्हणजे शरीरक्रियाशास्त्र हे निरोगी शरीर काम कसे करते, याचे शास्त्र आहे.

विषयाची कल्पना यावी म्हणून आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम असते आणि शरीर हवेला उष्णता देण्याऐवजी तिच्याकडून घेऊ लागते. अशा वेळी घाम वाळणे हाच शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग उरतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. घरचा कूलर याच तत्त्वावर चालतो, आणि मृगाच्या तोंडाशी हवा दमट झाली की कूलर जसा निकामी वाटतो, तसाच घामही न वाळता नुसता निथळतो. त्याच उन्हात केळीचे घड वाहणाऱ्या मजुराच्या हृदयाला स्नायूंनाही रक्त पुरवायचे असते आणि थंडाव्यासाठी त्वचेलाही, शिवाय घामावाटे पाणी गेल्यामुळे रक्ताचे आकारमान घटत असते. म्हणून नाडी वाढत जाते. ही ओढाताण कोठवर निभते आणि कोठे मोडते, हे मोजून सांगणे हे शरीरक्रियाशास्त्राचे काम आहे.

शिकण्याची पद्धतही मोजमापाचीच आहे. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी स्वतःच्याच बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतो, ते २०० पट पातळ करतो, सूक्ष्मदर्शकाखाली चेंबरच्या, म्हणजे पेशी मोजण्यासाठी चौकोन आखलेल्या काचपट्टीच्या, ८० लहान चौकोनांतील तांबड्या पेशी मोजतो आणि आलेल्या संख्येला १०,००० ने गुणतो. पहिल्या खेपेस शेजारी बसलेल्या दोघांची उत्तरे सहसा जुळत नाहीत. ज्याला अशा वेळी कंटाळा न येता पुन्हा मोजावेसे वाटते, त्याने या विषयाचा अवश्य विचार करावा.

प्रवेशाबाबत स्पष्ट सांगायचे, तर कोलकात्याप्रमाणे फिजिओलॉजी हाच मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. करण्याची सोय महाराष्ट्रात सहजी मिळत नाही. आपल्याकडे या विषयापर्यंत दुसऱ्या दारातून जावे लागते. एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी तो शिकवला जातो. धुळे, जळगाव व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. एम.बी.बी.एस.नंतर नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांची एम.डी. फिजिओलॉजी करता येते. या शाखेत रात्रीची ड्युटी आणि दवाखान्याचा व्याप नसतो, त्यामुळे अनेकजण तिला दुय्यम मानतात. ज्याला अध्यापन व संशोधन मनापासून आवडते, त्याने हे मत मनावर घेऊ नये, असे आम्हाला वाटते. बी.फार्म.च्या पहिल्या दोन सत्रांतही हा विषय आहे.

नीटचे गुण कमी पडल्यास प्राणिशास्त्रातील बी.एस्सी. ही खर्चाच्या मानाने चांगली वाट आहे. त्यानंतर एम.एस्सी. करून सीएसआयआर-नेट या, संशोधनवृत्ती व प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या, परीक्षेचा लाइफ सायन्सेस हा विषय देता येतो, ज्याच्या अभ्यासक्रमात प्राण्यांच्या शरीरक्रियांचा स्वतंत्र भाग आहे. काही वैद्यकीय महाविद्यालयांत तीन वर्षांची एम.एस्सी. मेडिकल फिजिओलॉजीही असते. मात्र या पदवीने रुग्णावर उपचार करण्याचा किंवा दवाखाना थाटण्याचा अधिकार मिळत नाही, हे घरातील सर्वांनी आधीच समजून घ्यावे. वैद्यकीय महाविद्यालयांत अशा बिगर-वैद्यकीय शिक्षकांचे प्रमाण किती असावे, याचे नियमही मधल्या काळात कडक होऊन पुन्हा शिथिल झाले आहेत. केवळ त्या नोकरीच्या भरवशावर प्रवेश घेऊ नये.

संशोधनाची क्षेत्रे मात्र रुंद आहेत. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत उष्णता, धूळ आणि श्रम यांचा कामगारांच्या शरीरावर होणारा परिणाम अभ्यासला जातो. दिल्लीतील डीआरडीओची, म्हणजे केंद्राच्या संरक्षण संशोधन संघटनेची, 'डिपास' ही संस्था अतिउंची, कडाक्याची थंडी आणि वाळवंट यांत सैनिकाचे शरीर कसे टिकते, यावर काम करते. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत क्रीडा-शरीरक्रियाशास्त्राला स्थान आहे. औषध कंपन्यांतील क्लिनिकल रिसर्चकडे, म्हणजे माणसांवरील औषधचाचण्यांच्या कामाकडेही या विषयाचे विद्यार्थी वळतात.

लवकर कमावते होणे गरजेचे असेल, तर ईसीजी, ट्रेडमिल टेस्ट, फुप्फुसांची चाचणी, ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद) किंवा कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याचा कक्ष) यांचे तंत्रज्ञ होण्याचे अभ्यासक्रम पाहावेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा तंत्रज्ञांसारख्या संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे. म्हणून फी भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता लेखी स्वरूपात मागून घ्यावी, तोंडी आश्वासनावर थांबू नये.

भेटीस येताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीट व सीईटीचे स्कोअरकार्ड आणि आरक्षण लागू असल्यास जात वैधता प्रमाणपत्र किंवा त्यासाठी केलेल्या अर्जाची पोच सोबत आणावी. विद्यार्थ्यालाही बरोबर आणावे. त्याच्याशी आम्ही पहिली दहा मिनिटे एकट्याशीच बोलतो, आणि तेवढा वेळ पालकांनी बाहेरच्या बाकावर बसावे, अशी विनंती आहे.